गणिताच्या वर्गातला सहभाग आणि मूल्यमापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणित शिकवणारी माणसं एकत्र बसली की जे प्रश्न फिरून फिरून निघतात, ते इथे घेतले आहेत. काहींना चार वाक्यं पुरतात, काहींना पुरत नाहीत. काही पालकांकडूनही आलेले आहेत.

वर्ग शांत बसतो, ऐकतो, फळ्यावरचं सगळं वहीत उतरवतो. याला सहभाग म्हणायचं का?

अर्धवट. फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या संशोधकांनी २००४ मध्ये सहभागाचे तीन पदर वेगळे करून दाखवले: वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. वही उघडी आणि नजर फळ्यावर, हा पहिला. तास आवडतो, शिकवणारं माणूस आवडतं, हा दुसरा. तिसरा डोळ्यांना दिसत नाही, आणि गणितात सगळी मदार त्याच्यावरच असते. समीकरण सुवाच्य अक्षरात उतरवून घेताना डोकं पूर्ण रिकामं असू शकतं. खिडकीबाहेर बघणारं मूल मात्र त्याच क्षणी 'शून्याने का भागायचं नाही?' यात अडकलेलं असू शकतं.

खेळ, कोडी, रंगीत साहित्य यांनीही फसगत होते. अपूर्णांकांच्या पट्ट्या कापण्यात तास गेला, सगळे खूश झाले, पण १/३ ची पट्टी १/४ च्या पट्टीपेक्षा मोठी का, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. मग तो कात्रीचा तास झाला. मी एकच कसोटी लावते: तासातलं कुठलंही एक मिनिट पकडायचं आणि पाहायचं, आत्ता गणिताचा विचार कोण करतंय? बहुतेक वेळा उत्तर निघतं, ज्याच्या हातात खडू आहे तो.

तीच चार मुलं हात वर करतात. बाकीच्यांना कसं बोलतं करायचं?

आधी स्वतःची घाई मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं (त्यांचे वर्ग विज्ञानाचे होते). प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबत होते, मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. हा थांबा तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत. वर्गासमोर उभं राहून थांबून पाहा, म्हणजे ते किती लांब असतात ते कळेल.

दुसरं म्हणजे हात वर करायची पद्धतच काही प्रश्नांपुरती बंद ठेवा. ज्याला उत्तर येतं तोच हात वर करतो, म्हणजे आपण नेमकं ज्यांच्याकडून काही कळण्यासारखं नाही त्यांनाच विचारत बसतो. त्याऐवजी सगळ्यांनी छोट्या पाटीवर उत्तर लिहायचं आणि एकाच वेळी वर धरायचं. दहा सेकंदांत अख्ख्या वर्गाचा अंदाज येतो. किंवा फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग वर्गासमोर. त्यातला पहिला टप्पा गाळू नका. तो गाळला की जोडीत जो चटकन बोलतो त्याचंच उत्तर दोघांचं होतं.

प्रश्न विचारायचे म्हणजे कसले? 'किती आले?' यापलीकडे गणितात विचारायला असतं काय?

भरपूर असतं. नेहमीचा प्रश्न: लांबी ८, रुंदी ४, आयताची परिमिती काढा. सूत्र आठवलं की संपलं. आता तोच उलटा करा: परिमिती २४ असेल असे आयत काढा. वर्गातून ११ आणि १ येतो, १० आणि २ येतो, ९ आणि ३ येतो. सगळ्यांची परिमिती एकच असताना क्षेत्रफळं ११, २०, २७ अशी वाढत जातात, हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. '६ आणि ६ चालेल का? तो तर चौरस झाला!' यावर वाद होतो. चौरस हा आयतच असतो, हे वाक्य व्याख्या म्हणून पाठ करण्यापेक्षा या वादात जास्त पक्कं होतं. थोड्या वेळाने कुणीतरी साडेसहा आणि साडेपाच घेऊन येतं, आणि आपण पूर्ण संख्यांतच का अडकलो होतो, असा नवा प्रश्न उभा राहतो. हे सगळं निघालं एका उलट्या केलेल्या प्रश्नातून.

या जातीचे प्रश्न करायला फार प्रतिभा लागत नाही. उत्तर द्या आणि प्रश्न मागा. 'हे नेहमी खरं, कधी कधी खरं, की कधीच नाही?' असं विचारा: 'गुणाकार केला की संख्या वाढते.' दोन सोडवलेली गणितं शेजारी ठेवून 'यातलं कुठलं बरोबर आणि दुसऱ्यात कुठे घसरलं?' असं विचारा.

हे न केल्याचा परिणाम काय होतो, त्याची एक जुनी गोष्ट आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे संशोधकांनी लहान मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांवर काहीतरी क्रिया करून वय काढून दाखवलं. मुलं मूर्ख नव्हती. गणिताच्या तासाला दिलेल्या सगळ्या संख्या वापरायच्या असतात आणि उत्तर नेहमी असतंच, हा शाळेचा अलिखित नियम त्यांनी बरोबर ओळखला होता.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण '३१ बस, बाकी १२' असं २९ टक्क्यांनी लिहिलं आणि ३२ लिहिणारे जेमतेम २३ टक्के निघाले. भागाकाराची चाचणी म्हणून पाहिलं तर निकाल वाईट नाही. बारा सैनिक रस्त्यावर उभे राहिले, त्याचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

मूल्यमापन म्हणजे परीक्षाच ना?

परीक्षा हा त्याचा एक भाग. आकारिक (शिकणं चालू असताना, ते सुधारण्यासाठी केलेलं) आणि संकलित (शेवटी, किती आलं ते मोजणारं) हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला, तोही मुळात अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. पुढे पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये शेकडो अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की शिकत असतानाच मिळालेल्या माहितीवरून शिकवणं बदललं, तर मुलांची प्रगती चांगली होते.

इथे एक घोळ सारखा होतो. दर आठवड्याला छोटी चाचणी घेतली, गुण वहीत चढवले, की आकारिक मूल्यमापन झालं असं समजतात. ती दर आठवड्याची संकलित परीक्षाच झाली. कागद तोच असू शकतो. त्या कागदावरून उद्याच्या तासात काही बदललं का, यावर तो कुठल्या जातीचा ते ठरतं.

चुकीचं उत्तर म्हणजे चुकीचं. त्यात अजून बघायचं काय?

या प्रश्नावर मी लांबणार आहे, आधीच सांगते.

५०३ वजा २७८. एका मुलाचं उत्तर ३७५. लाल फुली मारून पुढे जाता येतं. पण जरा थांबून पाहा. एककात ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्याने ८ मधून ३ वजा केले: ५. दशकात ० आणि ७, पुन्हा मोठ्यातून लहान: ७. शतकात ५ मधून २: ३. हे मूल धांदरट नाही. त्याच्याकडे नियम आहे, 'मोठ्यातून लहान वजा करायचं', आणि तो ते इमानेइतबारे पाळतंय. ब्राऊन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा माग काढला आणि दाखवलं की बऱ्याच मुलांच्या चुका अंदाधुंद नसून ठरावीक, जराशा बिघडलेल्या कृतीतून येतात. बिघाड ओळखला तर ते मूल पुढचं गणित कसं चुकवणार, हेही आधी सांगता येतं. अशा मुलाला 'लक्ष देऊन सोडव' म्हणणं वाया जातं. ते लक्ष देऊनच सोडवत असतं.

आता याच मुलाला ५८ वजा २३ द्या. उत्तर ३५, बरोबर. ७९६ वजा ४५१ द्या, तेही बरोबर. हातचा न लागणाऱ्या दहा वजाबाक्यांची चाचणी काढली तर त्याला दहापैकी दहा मिळतील. म्हणून प्रश्नपत्रिका काढताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो संख्या निवडायला. गणिताचा प्रकार ठरवणं सोपं असतं.

दशांश अपूर्णांकांचंच घ्या. ०.५, ०.३६ आणि ०.१२५ हे उतरत्या क्रमाने लावा. प्रश्न निरुपद्रवी दिसतो. ज्यांना वाटतं जास्त अंक म्हणजे मोठी संख्या, ती मुलं ०.१२५ पहिला लिहितील आणि पकडली जातील. पण उलटा समज असलेलीही मुलं असतात: दशमस्थानापेक्षा सहस्रांश बारीक, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. ती मुलं ०.५, ०.३६, ०.१२५ असंच लिहितील आणि पूर्ण गुण घेऊन जातील. आता फक्त संख्या बदला: ०.४, ०.४५७, ०.३६. बरोबर क्रम ०.४५७, ०.४, ०.३६. 'जास्त अंक मोठे' वाल्यांचा क्रम ०.४५७, ०.३६, ०.४. 'कमी अंक मोठे' वाल्यांचा ०.४, ०.३६, ०.४५७. तीन समज, तीन वेगळी उत्तरं. उत्तरपत्रिका पाहताक्षणी कोण कुठे उभं आहे ते कळतं, आणि यासाठी जादा मिनिटही खर्ची पडत नाही.

या विषयावरचा सर्वांत अस्वस्थ करणारा दाखला एर्लवँगर यांनी १९७३ मध्ये मांडला. बेनी नावाने त्यांनी ओळख करून दिलेला सहावीतला मुलगा स्वतःच्या गतीने शिकायच्या कार्यक्रमात पुढे पुढे जात होता, चाचण्या पार करत होता, शिक्षकांच्या मते हुशार होता. मुलाखतीत कळलं की तो २/१० चं दशांश रूप १.२ मानतो, ५/१० चं १.५. अंश आणि छेद मिळवायचे आणि दशांश चिन्ह टाकायचं. ४/११ आणि ११/४ या दोन्हींचं उत्तर त्याच्याकडे १.५ होतं, आणि त्यात त्याला काही खटकत नव्हतं. गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेले असंख्य नियम आणि उत्तरसूचीशी जुळेपर्यंत ते बदलत राहायचं, असं त्याचं मत झालं होतं. त्याच्याशी बसून कुणी बोललंच नव्हतं. उत्तरं जुळली की तो पुढच्या पानावर.

'=' या बरोबर चिन्हाबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण ८ + ४ = □ + ५ हा प्रश्न एकदा विचारून पाहाच. अमेरिकेतल्या १९९९ मधल्या एका अभ्यासात सहावीतल्या १४५ मुलांनी १२ किंवा १७ लिहिलं. ७ एकानेही नाही. अनेक वर्षं '=' चा अर्थ 'आता उत्तर लिही' असाच समोर आलेला असतो. बीजगणितात पाय घसरतो तो इथूनच.

पेपर परत देताना गुण द्यावेत की शेरा?

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीतल्या मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त गुण, एकाला फक्त शेरे, एकाला दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरे मिळालेल्यांची सुधारणा झाली, गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांचा निकाल फक्त गुण मिळालेल्यांच्या जवळपास. म्हणजे शेरे लिहायचे कष्ट पाण्यात. वर्गात पेपर वाटताना मुलांकडे पाहिलं असेल तर याचं आश्चर्य वाटणार नाही: आकडा पाहतात, शेजाऱ्याचा आकडा पाहतात, पेपर दप्तरात.

गुण देणं तुमच्या हातात नसेल, तर त्यांची वेळ तरी तुमच्या हातात असते. पेपर शेऱ्यांसह आधी द्या, दुरुस्ती करून घ्या, गुण दोन दिवसांनी सांगा. पहिल्या वेळी थोडी कुरकूर होते, पालकांचीही.

शेरा कसा लिहायचा, हे मात्र मला एका मुलीने शिकवलं. तिच्या पेपरावर मी 'सराव वाढव' असं लिहिलं होतं. तिने येऊन विचारलं, 'कशाचा?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून शेऱ्यात गणित असलंच पाहिजे असा नियम मी स्वतःला लावला आहे. 'छान', 'काळजी घे', 'अक्षर सुधार' यांत गणित नाही. 'पहिल्या तिन्ही उदाहरणांत तू छेद समान केलेस, चौथ्यात नाही केलेस. चौथं वेगळं का वाटलं?' यात आहे. अजून एक उपयोगी पडणारा शेरा: 'या पाचपैकी दोन चुकली आहेत. कुठली ते शोध.' चूक दाखवायचीही नाही. शोधताना मूल पाचही गणितं पुन्हा पाहतं, आणि आपली लाल शाई वाचते.

उत्तर चुकलं पण रीत बरोबर असेल तर किती गुण? आणि उलटं असेल तर?

पहिला अर्धा सोपा आहे. पायऱ्यांचे गुण द्यावेत, आणि एकदा झालेली आकडेमोडीची चूक पुढच्या पायऱ्यांत तशीच वाहत गेली तर तिची शिक्षा एकदाच व्हावी.

उलट्यावर खरी भांडणं होतात. १६/६४ मधले सहा-सहा कापून कुणी १/४ लिहिलं, तर उत्तर बरोबर आहे. १९/९५ मधले नऊ कापले की १/५, तेही बरोबर! मी अशा उत्तराला गुण देत नाही, पण फुलीही मारत नाही. शेजारी लिहिते, '१३/३४ वर हीच युक्ती चालव आणि खरं उत्तर तपास.' तीन कापून १/४ येतो, जो खोटा आहे. हा मजकूर मी वर्गासमोरही ठेवते, नाव न घेता. ही युक्ती आणखी कुठे चालते, याचा शोध घेण्यात मुलांचा अख्खा तास रंगतो.

एवढ्या वह्या तपासायला वेळ कुठून आणायचा?

सगळं तपासू नका. तास संपताना एकच प्रश्न द्या, उत्तर चिठ्ठीवर लिहून दारात घ्या. नाव लिहू दे, गुण नाहीत. त्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: जमलंय, एकच ठरावीक चूक आहे, काहीच कळलेलं नाही. शंभर चिठ्ठ्या असल्या तरी काम आटोक्यात राहतं. दुसऱ्या दिवशीचा तास मधल्या गठ्ठ्यापासून सुरू करायचा. तिसऱ्या गठ्ठ्यातल्यांशी वेगळं बसावं लागतं, त्याला पळवाट नाही.

घड्याळ लावून घेतलेल्या चाचण्यांबद्दल काय मत आहे? पाढे तर तोंडपाठ हवेतच ना?

पाढे यायला हवेत, यात वाद नाही. सात आठे किती, हे बोटांवर मोजणाऱ्या मुलाचं लक्ष तिथेच संपतं. लसावि कशासाठी काढतोय ते त्याला आठवत नाही. पण तोंडपाठ असणं आणि घड्याळासमोर धावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची भीती कार्यकारी स्मृतीतली, म्हणजे गणित करताना आकडे डोक्यात धरून ठेवायची, जागा अडवते. म्हणजे घाबरलेल्या मुलाला येत असलेलंही त्या क्षणी करता येत नाही. मग चाचणी पाढे मोजते की भीती?

स्मरणाचा सराव मात्र अवश्य करा. आठवून लिहिणं हे पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलंय. रोज पाच प्रश्न, गुण नाहीत, उत्तरं आपापली तपासायची. त्यातले दोन गेल्या आठवड्यातले, एक गेल्या महिन्यातला.

याच्या जवळचा एक मुद्दा जाता जाता. धड्याखालच्या उदाहरणसंग्रहात एकाच प्रकारची पंधरा गणितं असतात, मुलं ती झरझर सोडवतात आणि आपण निर्धास्त होतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ शिकवलं. एका गटाला प्रकारवार सराव, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सरावात प्रकारवार गट खूप पुढे: ८९ टक्के विरुद्ध ६०. आठवड्याने चाचणी घेतली, तर २० विरुद्ध ६३. कुठलं सूत्र कधी लावायचं, हे ठरवायची वेळच पहिल्या गटावर आली नव्हती. सराव सोपा जातोय म्हणजे शिकणं होतंय, हा समज शिक्षकाला जितका फसवतो तितकाच विद्यार्थ्यालाही.

गटात बसवलं की एकच मूल सगळं सोडवतं. मग गट करायचेच कशाला?

गट तुम्ही ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि रोज बदला. पीटर लिलयेडाल यांनी कॅनडातल्या वर्गांत वर्षानुवर्षं हे करून पाहिलं: तिघांचे योगायोगाने झालेले गट, उभ्याने काम, पुसता येईल असा उभा फळा, आणि गटात एकच खडू. पुसता येतं म्हणून मुलं लिहायला कचरत नाहीत. माझी त्यात एक भर: खडू ज्याच्या हातात त्याने स्वतःची कल्पना लिहायची नाही, दुसऱ्याने सांगितलेलीच लिहायची.

गटाला एकत्र गुण देऊ नका. गटापैकी कुणालाही, तुम्ही निवडाल त्याला, 'ही पायरी का केली?' असं विचारा. विचारणार आहेत हे माहीत असलं की समजावून सांगायची जबाबदारी गट आपण होऊन घेतो.

बहुपर्यायी प्रश्न म्हणजे अंदाजपंचे. ते टाळावेत का?

चुकीचे पर्याय कसे निवडलेत यावर आहे. ०.३ × ०.२ साठी ०.०६, ०.६, ०.५ आणि ०.००६ दिले, तर ०.६ निवडणाऱ्याने दशांश चिन्ह बेरजेसारखं ठेवलंय आणि ०.५ निवडणाऱ्याने चक्क बेरीज केली आहे. पर्याय म्हणून ०.०७ किंवा १२ दिले तर काहीच कळत नाही. शेजारी 'कितपत खात्री?' असा रकाना ठेवा. पूर्ण खात्रीने चुकलेलं उत्तर हे सर्वांत आधी हातात घ्यायचं.

माझ्या मुलीला सगळं समजतं, पण ते लिहिता येत नाही. तिचं नुकसान होतं.

तोंडी विचारायला सांगा, आकृती काढून दाखवायला सांगा. गणितातलं लेखन ही शिकवायची गोष्ट आहे. ती आपोआप येत नाही. पण एक पडताळून पाहा: ती तुम्हाला समजावून सांगू शकते का, की तुम्ही सांगताना ती मान डोलावते? या दोहोंत खूप अंतर आहे, आणि जवळच्या माणसांना ते दिसत नाही.

'मला गणित जमतच नाही' असं ठामपणे सांगणाऱ्या मुलाचं काय करायचं?

'असं नसतं रे, तू हुशार आहेस' हे म्हणू नका. त्याच्याकडे वर्षानुवर्षांचा पुरावा आहे, तुमच्याकडे एक वाक्य. नवा पुरावा हवा. असं गणित द्या ज्यात पहिलं पाऊल प्रत्येकाला टाकता येतं आणि शेवट कुणालाच सहज गाठता येत नाही. वरचा आयतांचा प्रश्न तसाच आहे. आणि त्याने काढलेला एक आयत फळ्यावर ठेवून पुढची सगळी चर्चा त्यावरच करा. कौतुकाचा शब्द न उच्चारता.

गृहपाठ आता मोबाइल सोडवतो. पायऱ्यांसकट.

हो, आणि अक्षर सोडलं तर तपासताना ओळखूही येत नाही. गृहपाठाला गुण देणं थांबवलं की नक्कल करायचं निम्मं कारण संपतं. उरलेल्यासाठी सोडवलेलं गणितच घरी द्या, त्यात एक चूक पेरून. किंवा उद्या वर्गात कुणालाही फळ्यावर बोलावून, आकडे बदलून, तेच गणित पुन्हा. मोबाइलने समजावलं आणि मुलाला खरंच समजलं असेल, तर त्यात तक्रार करण्यासारखं मला काही दिसत नाही.

हे सगळं करत बसलो तर अभ्यासक्रम पूर्ण होणार कसा?

कुणाचा पूर्ण होणार, ते आधी ठरवा. रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ मध्ये दोन तऱ्हेची समज वेगळी केली: एकात काय करायचं ते माहीत असतं, दुसरीत काय करायचं आणि का ते दोन्ही. पहिली लवकर येते आणि उद्याच्या चाचणीत दिसते. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असं लिहिणारी मुलं दर वर्षी नव्याने भेटतात, आणि दर वर्षी तोच धडा पुन्हा शिकवण्यात जे तास जातात ते अभ्यासक्रमाच्या नियोजनात कुठेच धरलेले नसतात. ३ आणि ४ घालून पाहा, एका बाजूला ४९ आणि दुसऱ्या बाजूला २५ येतात, मग चौरस काढून त्यात हरवलेले २४ शोधा. या शोधाला एक तास लागतो.

तरीही प्रत्येक धड्याला असा वेळ मिळत नाही, हे खरंच आहे. वर्षातले चार-पाच कळीचे विषय निवडा: स्थानिक किंमत, अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या, समीकरण. तिथे रेंगाळा. सांख्यिकीतल्या आलेखांना दोन तास कमी मिळाले तर आभाळ कोसळत नाही. यावर सांख्यिकी शिकवणारे चिडतात, चिडू देत.

माझ्या तासात खरंच फरक पडतोय का, हे कसं ओळखायचं?

फोन टेबलावर ठेवून एका तासाचं ध्वनिमुद्रण करा आणि घरी एकट्याने ऐका. दहा मिनिटं पुरतात. तुम्ही किती वेळ बोलता, प्रश्नानंतर किती थांबता, 'का' किती वेळा विचारता, हे कागदावर रेघा ओढून मोजा. आणि मुलाने वाक्य अर्ध्यावर सोडलं तेव्हा ते कुणी पूर्ण केलं, याची वेगळी रेघ. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा दहा मिनिटांत अशा अकरा रेघा झाल्या होत्या, अकराच्या अकरा माझ्या नावावर.